मांजराच्या वाटीतलं पाणी

मांजराच्या खाण्याचा ८५ ग्रॅमचा पाऊच उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाचलं, तर प्रथिनं साधारण ८ ते ९ टक्के लिहिलेली सापडतात. शेजारच्या कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर तोच आकडा ३० ते ३२ असतो. पाऊच महाग, दाणे स्वस्त. मग साहजिकच माणूस म्हणतो, चौपट प्रथिनं आणि वर पैसेही कमी, दाणेच घेऊ. जयपूरच्या सी-स्कीममधल्या पेट शॉपच्या काउंटरपाशी हा हिशोब नेहमी कुणी ना कुणी करत असतं, आणि तो चुकीचा असतो.

चूक अशी, की दोन्ही आकडे पाण्यासकट मोजलेले असतात. पाऊचमध्ये ८० ते ८५ टक्के पाणीच असतं, दाण्यांत जेमतेम ८ ते १०. तुलना करायची तर आधी पाणी बाजूला काढायला हवं. समजा पाऊचवर प्रथिनं ८.५ टक्के आणि पाणी ८३ टक्के लिहिलंय. म्हणजे १०० ग्रॅममध्ये घन पदार्थ १७ ग्रॅम, त्यातले ८.५ ग्रॅम प्रथिनांचे. बरोबर निम्मे, ५० टक्के. दाण्यांवर प्रथिनं ३२ आणि पाणी १०. घन पदार्थ ९०, त्यात ३२, म्हणजे ३६ टक्क्यांच्या जवळपास. पारडं उलटलं.

कर्बोदकं बहुतेक कंपन्या छापतच नाहीत, पण तीही काढता येतात. १०० मधून प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू, पाणी आणि राख वजा करायची. राख म्हणजे खनिजं. लेबलवर आकडा नसेल तर पाऊचसाठी २ आणि दाण्यांसाठी ८ धरला तरी चालतं. आपल्या उदाहरणातल्या पाऊचमध्ये स्निग्ध ३ आणि तंतू ०.५ असतील तर कर्बोदकांना उरतात ३ ग्रॅम, म्हणजे पाणी काढल्यावर १७-१८ टक्के. दाण्यांत स्निग्ध १० आणि तंतू ४ असतील तर उरतात ३६ ग्रॅम, म्हणजे ४० टक्के. लेबलवर ‘किमान’ आणि ‘कमाल’ असं लिहून कंपनी स्वतःला थोडी जागा ठेवते, त्यामुळे उत्तर ढोबळच येतं. तरी पिशवीवरच्या चित्रातल्या अख्ख्या माशापेक्षा ते जास्त सांगतं.

आता उष्मांक. ४ किलो वजनाचं, नसबंदी झालेलं, फ्लॅटमध्येच राहणारं मांजर दिवसाला साधारण २०० किलोकॅलरींत भागवतं. दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणजे ५७ ग्रॅम दाण्यांत त्याचा दिवस निघतो. आपल्या पाऊचसारख्या ओल्या खाण्यात १०० ग्रॅमला ६५-७०, म्हणजे ३०० ग्रॅम लागणार, साडेतीन पाऊच. पाणी मोजलं तर साडेतीन पाऊचमधून २५० मिली पोटात जातं आणि ५७ ग्रॅम दाण्यांतून जेमतेम ६ मिली, एक चमचाभर. या मांजराची दिवसाची गरज साधारण २०० मिलीची. अन्न पचून जळताना शरीरातच वीस-पंचवीस मिली पाणी तयार होतं. बाकीचं दाणे खाणाऱ्यानं भांड्यातून प्यायला हवं. ते भांड्याकडे जास्त वेळा जातं हे खरं, पण दिवसाचं एकूण पाणी मोजलं तर ते ओलं खाणाऱ्या मांजराच्या मागेच राहतं. ओलं की कोरडं हा वाद माझ्या मते याच दोन आकड्यांपाशी अर्ध्याहून अधिक मिटतो. प्रथिनं आणि कर्बोदकं त्यानंतर.

आणि सी-स्कीममध्ये तर तो आणखी लवकर मिटतो. मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात जयपूरचे दिवाण होते. तेव्हा परकोटाच्या दक्षिणेला शहराचा जो आखीव विस्तार झाला, त्यातला हा भाग. रुंद रस्ते, कडुनिंबाची झाडं, बाग असलेले बंगले. त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांच्या जागी आता अपार्टमेंट उभी आहेत, आणि स्टॅच्यू सर्कलपासून अहिंसा सर्कलपर्यंतच्या त्या फ्लॅटांतली मांजरं जाळी लावलेल्या बाल्कनीतून कबुतरं मोजत दिवस काढतात. मे-जूनमध्ये पारा ४३-४४ वर जातो, लू वाहते, हवेत ओलावा नावाला नसतो. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीला. अंग गार करायला ते अंगभर जीभ फिरवतं आणि ती लाळ वाळली की थंडावा मिळतो. म्हणजे गार होण्याची किंमतही पाण्यातच मोजायची. घरात एसी असला तर उष्मा टळतो, पण एसीची हवाही कोरडीच.

यावर कुणीही विचारेल, की तहान लागली तर ते पिणार नाही का? पितं, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही, आणि याचं कारण समजायला राजस्थानसारखी जागा नाही. थरच्या वाळवंटात, जैसलमेरकडे, एक रानमांजर राहतं. वाळूच्या रंगाचं, अंगावर काळे ठिपके, शेपटीच्या टोकाला काळी वलयं. शास्त्रीय नाव फेलिस लिबिका ऑर्नाटा. वाळवंटातले उंदीर आणि जर्बिल हे त्याचं मुख्य खाणं, आणि त्याचं बहुतेक पाणीही त्यातूनच येतं, कारण उंदराच्या अंगात ६५ ते ७० टक्के पाणी असतं. आपलं पाळीव मांजर त्याचं चुलत भावंड. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं, की जगभरातल्या घरगुती मांजरांचं मूळ याच जातीच्या, पश्चिम आशियातल्या रानमांजरांत आहे. तिथली धान्याची कोठारं, कोठारांतले उंदीर आणि उंदरांमागे आलेली मांजरं, असा तो प्रवास. वाळवंटानं या घराण्याला दोन गोष्टी दिल्या. एक, लघवी भलतीच घट्ट करून पाणी वाचवू शकणारं मूत्रपिंड. दुसरी, उशिरा जागी होणारी तहान. खाण्यात पाणी असेल तर दोन्ही उपकारक. खाण्यात ते नसेल तर मांजर कुरकुर न करता लघवी आणखी घट्ट करत राहतं आणि आपल्याला काही कळत नाही.

कळतं ते एकदम, आणि बहुतेक वेळा बोक्याच्या बाबतीत. घट्ट लघवीत खनिजांचे स्फटिक साचतात, चिकट स्राव आणि स्फटिक मिळून बूच तयार होतं आणि बोक्याच्या निमुळत्या मूत्रमार्गात ते अडकतं. बोका वारंवार लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि ट्रेमध्ये एखादा थेंब, नाहीतर काहीच नाही. घरातल्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, म्हणून कुणी तूप चाटवतं, कुणी सकाळपर्यंत थांबू म्हणतं. थांबायचं नाही. लघवी पूर्ण अडली तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पांचबत्तीला सरकारी पशुचिकित्सालय आहे, सी-स्कीममधून ते जवळच. पण रात्री दोन वाजता कोण येईल हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा. बोका पाळणाऱ्यानं तर नक्कीच.

अशा स्फटिकांपासून होणाऱ्या खड्यांचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण ‘युरिनरी’ असं लिहिलेले दाणे त्यातूनच आलेत. सुरुवातीला दोष खाण्यातल्या राखेवर, मग मॅग्नेशियमवर गेला. १९८० च्या दशकात कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी होईल अशी कृती बसवली. स्ट्रुव्हाइट जातीचे खडे कमी झाले, पण कॅल्शियम ऑक्झलेटचे वाढले, आणि हे दुसरे खडे खाण्यानं विरघळत नाहीत, काढावेच लागतात. आज डॉक्टर दोन्हींवर जो सल्ला देतात तो एकच: लघवी पातळ राहू द्या. बोअरवेलच्या जड पाण्याला इथं फार शिव्या बसतात. पण खडा होण्यात पाणी कुठलं यापेक्षा ते किती कमी प्यायलं गेलं याचा वाटा मोठा. मांजराला फिल्टरचं पाणी आवडत असेल तर खुशाल द्यावं.

हे सगळं वाचून दाणे वाईट, असा ग्रह होईल. तो करून घेण्याआधी ते बनतात कसे ते पाहू. मांसाची पूड, धान्य किंवा डाळीचं पीठ, चरबी, जीवनसत्त्वं असं मिश्रण वाफेनं शिजवत एका लांब नळीतून दाबानं पुढे ढकलतात. आपल्या सोऱ्यातून शेव पडावी तसं ते टोकाच्या साच्यातून बाहेर येतं, फिरती पाती त्याचे तुकडे करते, आणि दाब एकदम सुटल्यामुळे तुकडा फुलतो. हे फुलणं पिष्टाशिवाय जमत नाही, म्हणून दाण्यांत कर्बोदकं ठेवावीच लागतात. ‘ग्रेन-फ्री’ लिहिलं तरी गव्हाऐवजी बटाटा किंवा वाटाणा येतो एवढंच. मग दाणे वाळवतात आणि वरून चरबी आणि मांसाच्या अर्काचा लेप देतात. मांजर पिशवीच्या आवाजानं धावत येतं ते या लेपासाठी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात पत्रा सैन्याकडे वळला, डबाबंद खाणं मागे पडलं आणि कोरड्याला जोर आला. १९५७ मध्ये प्युरिनानं याच पद्धतीनं फुलवलेले दाणे बाजारात आणले. ते कुत्र्यांसाठी होते, मांजरांची पाळी नंतर आली.

ओल्याची तऱ्हा वेगळी. मांस आणि अवयवांचा लगदा, ग्रेव्ही, जीवनसत्त्वं पाऊचमध्ये भरून, तोंड बंद करून, मग अख्खा पाऊच १२० अंशांच्या आसपास दाबाखाली शिजवतात. आतले जंतू मरतात, त्यामुळे टिकवायला वेगळं रसायन लागत नाही. ग्रेव्ही दाट करायला बऱ्याच ठिकाणी गवारीच्या बियांचा डिंक वापरतात, आणि देशातली सर्वात जास्त गवार राजस्थानात पिकते. परदेशी नाव छापलेल्या पाऊचमध्ये इथल्याच एखाद्या शेतातला डिंक असायचा. पाऊचमधले चौकोनी ‘चंक’ म्हणजे मांसाचे कापलेले तुकडे, असा मात्र समज नको. बहुतेकदा तो लगदाच घट्ट करून कापलेला असतो.

ओलं म्हणजे आपोआप शुद्ध, असंही नाही. टॉरिनची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे अमिनो आम्ल मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७० च्या दशकातच कळलं होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्यामागेही टॉरिनची कमतरता आहे. आणि ती मांजरं नावाजलेलं तयार खाणंच खात होती. डब्यात शिजवलेल्या खाण्यातून टॉरिन शरीराला कमी लाभतं, म्हणून आज अमेरिकी मानकांत दाण्यांसाठी घन पदार्थाच्या ०.१ टक्के आणि डबाबंद खाण्यासाठी त्याच्या दुप्पट, ०.२ टक्के टॉरिन मागतात. ग्राहकानं काय करायचं? लेबलवर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द आणि कोणत्या वयासाठी ते शोधायचं. नुसत्या ट्यूनाचे डबे, सूप, जिभेनं चाटायच्या क्रीमच्या नळ्या हे बहुतेकदा पूरक खाणं असतं. मांजर त्यावर तुटून पडतं म्हणून ते जेवण होत नाही.

आता दाण्यांची बाजू. पहिली पैशांची. ब्रँडप्रमाणे भाव फार बदलतात, पण मधल्या दर्जाचे दाणे ४०० रुपये किलो धरले तर ५७ ग्रॅमचे होतात २३ रुपये. पाऊच ४५ रुपयांना धरला तर साडेतीन पाऊचचे दीडशेच्या वर. सहा-सातपट फरक आहे, आणि घरात दोन मांजरं असतील तर महिन्याच्या वाणसामानाला तो जाणवतो. दुसरी बाजू वेळेची: नोकरीवरची माणसं सकाळी नऊला निघून संध्याकाळी परततात, तोवर वाटीत टिकतील ते दाणेच. तिसरी बाजू जयपूरला फार खरी आहे. इथली पुष्कळ घरं जैन आणि मारवाडी, पूर्ण शाकाहारी. भाड्यानं राहणाऱ्या मराठी माणसालाही घरमालक आधी तेच विचारतो. पाऊच उघडला की त्याचा वास जिन्यापर्यंत जातो. दाण्यांतही कोंबडी किंवा मासाच असतो, पण ते कोरडे, हाताला न लागणारे, वेगळ्या डब्यात झाकून ठेवता येणारे. या कारणाला मी नाक मुरडणार नाही. मांजर शेवटी त्या घरात राहणार आहे, आणि घरातल्या सगळ्यांना चालेल असंच खाणं रोज वाटीत पडतं.

शाकाहारी घराची सोय म्हणून मांजरालाच शाकाहारी करणं मात्र जमणारं नाही. टॉरिन झालं, शिवाय मांजराला तयार अ जीवनसत्त्व लागतं, गाजरातल्या कॅरोटिनपासून ते बनवता येत नाही. अ‍ॅराकिडॉनिक आम्ल प्राणिज चरबीतूनच मिळतं. गोड चव तर त्याला कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या रिसेप्टरचा एक जनुक मांजरकुळात निकामी आहे हे २००५ मध्ये सापडलं. घेवराचा तुकडा पुढे ठेवलात तर ते तूप चाटून बाकीचा सोडून देईल.

‘आमच्या आजीच्या मनीनं दूध-पोळीवर आयुष्य काढलं’ हे वाक्य या विषयावर बोलताना एकदा तरी ऐकावं लागतं. दूध-पोळी तिला मिळायची हे खरं, पण मनी जगत होती माळ्यावरच्या आणि कणगीतल्या उंदरांवर, कोकणात असेल तर मासळीच्या डोक्यांवर. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाही, म्हणून उरते नुसती दूध-पोळी, आणि मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही, जुलाब होतात. उकडलेली कोंबडी चांगली, पण रोज तीच दिली तर कॅल्शियम अजिबात नाही. नुसती कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन मणके आखडतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर वर्ज्यच, त्यानं मांजराच्या लाल पेशी फुटतात. घरचं खाणं करायचंच असेल तर पशुवैद्याकडून कृती आणि पूरकं लिहून घेऊन, वजनकाट्यावर मोजून करावं. अंदाजपंचे नको.

दाण्यांनी दात साफ होतात हा समज झटकन बाजूला ठेवू. मांजराच्या दाढा दळायच्या नाहीत, कापायच्या असतात. नेहमीचा दाणा टोक लागताच फुटतो नाहीतर अख्खा गिळला जातो. दातांसाठी खास बनवलेले मोठे, चिवट दाणे असतात, त्यांचा थोडा उपयोग होतो. त्यापेक्षा ब्रश बरा, मांजर करू देत असेल तर.

माझा कौल मिश्र आहाराला आहे, आणि त्यात ओल्याला झुकतं माप. आपल्याच ४ किलोच्या मांजराचं उदाहरण घ्या. सकाळी एक पाऊच, रात्री एक पाऊच: ११० ते ११५ किलोकॅलरी आणि १४० मिली पाणी. उरलेल्या नव्वदएक किलोकॅलरींसाठी दिवसभरात २५ ग्रॅम दाणे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. काट्यावरच, कारण पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या मापात रोज ५-१० ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि ५७ ग्रॅमांच्या जेवणात १० ग्रॅम म्हणजे एका माणसाला रोज तीन पोळ्या जास्त. प्रत्येक पाऊचमध्ये दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवलं तर आणखी ६० मिली फुकटात जातं, आणि ग्रेव्ही आवडणाऱ्या मांजराला त्याचा पत्ताही लागत नाही. रोजचा खर्च शंभरच्या आसपास येतो. तेवढं परवडत नसेल तर रात्री एकच पाऊच आणि ४० ग्रॅम दाणे. तेही जमत नसेल तर चांगले दाणे, तीन-चार ठिकाणी पाण्याची भांडी, आणि दाण्यांवर पाणी शिंपडून पाहायचं; काही मांजरं भिजलेले दाणे आनंदानं खातात, काही तोंडही लावत नाहीत. दिवसभर वाटी भरून ठेवणं मात्र सोडा. फ्लॅटमधली मांजरं जाडी होण्यात या भरलेल्या वाटीचा हात मोठा आहे, आणि जाडीमागून मधुमेह येतो.

जयपूरच्या उन्हाळ्यात ओल्या खाण्याची एक वेगळी पंचाईत असते. पंखा आणि कोरडी हवा मिळून वाटीतल्या ग्रेव्हीवर पंधरा-वीस मिनिटांत साय धरते, कडा काळपट पडतात, आणि मांजर हुंगून निघून जातं. एसी नसलेल्या खोलीत उघडं ओलं खाणं अर्ध्या-पाऊण तासानंतर उचलावं. अर्धा पाऊच द्यायचा, उरलेला झाकणाच्या काचेच्या वाटीत फ्रिजमध्ये, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. फ्रिजमधून काढलेलं थंड खाणं मांजराला वासच देत नाही, आणि जानेवारीत, रात्री पारा ७-८ वर असताना, तर ते ढुंकून बघत नाही. वाटी पाच मिनिटं गरम पाण्यात धरा. शिकारीच्या अंगाएवढं कोमट झालं की वास सुटतो. मुंग्यांसाठी ताटलीत पाणी घालून वाटी मध्ये ठेवायची जुनी युक्ती इथंही चालते. दाणे मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कारण चरबीचा लेप हवेनं खवट होतो. उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपावी. दुकानात गोणीतून सुटे विकतात ते दाणे घेऊ नयेत, गोणी कधी उघडली हे कुणालाच ठाऊक नसतं. श्रावणात हवा दमट झाली की दाणे मऊ पडलेत का ते बोटानं दाबून पाहावं.

पाण्याचं भांडं खाण्याच्या वाटीशेजारी नको आणि लिटरच्या ट्रेजवळ तर नकोच. रुंद तोंडाचं असावं, म्हणजे मिशा काठाला घासत नाहीत. उन्हाळा लागला की जयपूरला झाडांवर पक्ष्यांसाठी मातीचे परिंडे टांगतात. तसलंच एक मातीचं पसरट भांडं घरात ठेवलं तर पाणी झिरपून गार राहतं, आणि पुष्कळ मांजरांना स्टीलपेक्षा ते पसंत पडतं. रोज घासून पाणी बदलायला हवं, मातीला शेवाळ लवकर धरतं.

वर्षानुवर्षं दाणेच खाल्लेलं मांजर पाऊचकडे बघणारही नाही. लहानपणी जे तोंडात पडलं तेच त्याच्या लेखी खाणं, म्हणून पिल्लू असतानाच दोन्ही चवी लावाव्यात. मोठ्याच्या बाबतीत पहिलं काम खाणं बदलणं नाही, वेळ बदलणं. दिवसभरची वाटी उचलून तीन ठरलेल्या वेळा करायच्या, म्हणजे जेवायच्या वेळी थोडी भूक असेल. मग दाण्यांशेजारी चमचाभर ओलं. त्यावर दोन-चार दाणे कुटून भुरभुरले तर ओळखीचा वास येतो. कुणी आठवड्यात वळतं, कुणाला दोन महिने लागतात. ‘भूक लागली की खाईल’ हा कुत्र्यांच्या बाबतीत चालणारा हट्ट इथं धोक्याचा. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि कावीळ होऊन ते दगावू शकतं. पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर जुने दाणे परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

काही मांजरांना हा हिशोब लागू नाही. मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्या मांजरासाठी फॉस्फरस कमी असलेलं खास खाणं असतं, ते ओलं मिळालं तर उत्तम, पण मांजर जे खाईल ते. दाण्यांमुळेच मूत्रपिंड बिघडतं असं अजून सिद्ध झालेलं नाही, तेव्हा आधीच्या वर्षांबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. मधुमेहाच्या मांजराला कमी कर्बोदकांचं ओलं खाणं मानवतं, काहींचं इन्सुलिनही सुटतं. म्हणूनच बदल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करायचा नाही. खाणं बदललं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

बदल लागू पडतोय का, हे लिटरच्या ट्रेमध्ये दिसतं. गोळे होणारी वाळू असेल तर आठवड्याभरात गोळे मोठे आणि संख्येनं जास्त होतात. मूठभर वाळू जास्त लागली तरी कुरकुर करू नका. बोटं हलकी फिरवली की बरगड्या लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत. वजन महिन्यातून एकदा. आधी स्वतःचं, मग मांजर कडेवर घेऊन, आणि वजाबाकी. जाड्या मांजराचं वजन उतरवत असाल तर घरच्या काट्याला एवढा बारीक फरक कळत नाही, तेव्हा पिल्लांचा काटा असलेल्या दवाखान्यात दर पंधरवड्याला न्यावं: आठवड्याला १ ते २ टक्के पुरे, म्हणजे ५ किलोच्या बोक्याचे ५० ते १०० ग्रॅम. त्याहून वेगानं उतरायला लागलं तर रोजचे ५ ग्रॅम दाणे वाढवायचे.